तेवीस भांड्यांचा हिवाळा

शाळेच्या स्वयंपाकघरात उष्टी ताटं परत घ्यायच्या खिडकीशी उभं राहिलं की गावातल्या कुठल्या घरात काय चाललंय ते आपोआप कळतं, असं तिथे काम करणारी जॅनेल स्कॉग्लंड म्हणायची. कुणाचं ताट चाटूनपुसून आलं, कुणी गोड तेवढं खाल्लं, कुणी वाटाणे दुधाच्या रिकाम्या खोक्यात लपवले. त्या मार्चमध्ये एक ताट रोज जसंच्या तसं परत येत होतं. ते सिग्ने ब्रोटनचं होतं. सिग्ने नऊ वर्षांची. फेब्रुवारीत तिची आई कॉनी आजारपणात गेली आणि तेव्हापासून पोरीचं अन्नावरून मनच उडालं होतं. मनगटं नुसत्या काड्या झाल्या होत्या.

आमच्या नॉर्डल गावात कुणी गेलं की काय करायचं ते शिकवावं लागत नाही. बायका हॉटडिश करतात. उकडलेले नूडल्स घ्यायचे, त्यात खिमा नाहीतर डब्यातला ट्यूना मासा, मूठभर वाटाणे, आणि हे सगळं एकमेकांना चिकटवायला डब्यातलं मश्रूमचं सूप. वरून बटाट्याचे वेफर्स चुरायचे आणि भांडं ओव्हनमध्ये सारायचं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून स्वतःचं नाव लिहायचं, म्हणजे रिकामं झालं की ते घरी परत येतं. मिनेसोटाच्या ह्या भागात दुःखाला एवढं एकच औषध आहे आणि ते तासभर भाजावं लागतं.

ब्रोटनांच्या घरी पहिल्या आठवड्यातच अशी वीसेक भांडी पोचली होती. जॅनेलचं पोचलं नव्हतं. हॉटडिशशी तिचं जुनं वैर होतं, पस्तीस वर्षांचं.

तीही तेव्हा नऊ वर्षांचीच होती. १९५९च्या नोव्हेंबरात तिचे वडील ऑर्लिन गोठ्यात धार काढता काढता छातीत कळ येऊन गेले. चार दिवसांत तेवीस भांडी आली. तिची आई थोरा हिनं ती उत्तरेकडच्या व्हरांड्यात एकावर एक रचली. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च फ्रीजला तसं काही काम नसतं; रात्रीत सगळी दगड होऊन बसली. मग दर दोन दिवसांनी जॅनेलचा मोठा भाऊ ड्वेन त्यातलं एक आत आणायचा आणि जॅनेल विचारायची, "आज कोण आहे?"

ड्वेन भांडं डोक्यावर धरून बूड वाचायचा. "हेल्गा टॉर्गर्सन."

सोमवार-मंगळवार हेल्गा. बुधवार-गुरुवार मिसेस लुंड. मग पुन्हा हेल्गाचंच उरलेलं, कारण हेल्गाबाईंचा हात सढळ होता. रविवारी चर्चमध्ये ह्या बायका ओळीनं बसलेल्या दिसल्या की जॅनेलच्या जिभेवर एकेकीची चव यायची. तसं पाहिलं तर चव सगळ्यांची एकच होती, पुठ्ठा भिजवून त्यावर मीठ भुरभुरल्यासारखी. एकदा तिनं गालात दाबून ठेवलेला घास मागल्या दारी मांजरापुढे टाकला. मांजरानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मांजराला तेवढी मुभा होती.

जॅनेलला नव्हती. थोराचा नियम होता: लोकांनी मायेनं दिलंय, टाकायचं नाही. भांडं रिकामं करायचं, लख्ख घासायचं, आणि ते परत देताना म्हणायचं, "खूप छान होतं, थँक्यू." हे वाक्य जॅनेल तेवीस दारांत बोलली. थोरा स्वतः टेबलाच्या टोकाला बसून गपचूप खायची, ताट साफ करायची, आणि जॅनेलला वाटायचं, आईला हे आवडतंय. बाबा गेले आणि आईला हे आवडतंय. हा राग तिनं बरीच वर्षं जपून ठेवला होता.

पुढे ती मिनियापोलिसला गेली. एका हॉटेलच्या किचनमध्ये वीस वर्षं काढली, चांगलं नाव मिळवलं. दोन वर्षांपूर्वी थोराचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती परत आली आणि शाळेत कामाला लागली. मनात एक गोष्ट मात्र पक्की होती. कधी वेळ आली तर अशी हॉटडिश करीन की दुःखातल्या पोरालाही ती गोड लागेल. आता वेळ आली होती आणि समोर तेवढ्याच वयाची पोर होती. सिग्नेनं चार घास खाल्ले पाहिजेत, एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिला फार हवं होतं.

शनिवारी ती सकाळपासून कामाला लागली. तळ्यातला काळा जंगली तांदूळ शिजवला. कोंबडी आख्खी भाजून हातानं हाडांपासून सोडवली. ताजे मश्रूम लोण्यात परतले. मैदा आणि दूध घेऊन पांढरा सॉस केला, गुठळी होऊ न देता. वेफर्सना हात लावला नाही. पावाचा चुरा लोण्यात खरपूस करून चीजबरोबर पसरला.

थोरा खिडकीजवळच्या खुर्चीत काठी टेकवून बसली होती. तिचं लक्ष बाहेरच्या बर्फाकडे असल्यासारखं दिसत होतं, पण नव्हतं.

"सूपचा डबा चावतो का गं तुला?" तिनं विचारलं.

"चावत नाही. पण घालणार नाही."

"आणि लोणी केवढं ते. कुणाचं लग्नबिग्न आहे का?"

"आई, त्या पोरीनं खायला पाहिजे. त्या वेळी मी काय खाल्लंय ते माझं मला माहीत आहे."

"तू काय खाल्लंस," थोरा म्हणाली आणि पुन्हा बर्फाकडे वळली. जॅनेलनं चमचा पुढे केला तेव्हा तिनं टोकावर घेऊन चाखलं, जरा वेळ तोंडात घोळवलं. "वेगळं आहे."

आमच्याकडे ह्यापलीकडे शिवी नाही. पदार्थ चांगला झाला तर माणसं म्हणतात, "वाईट नाही." फारच उत्तम झाला तर, "बरं झालंय की." आणि "वेगळं आहे" म्हणजे, बाई, पुन्हा करू नकोस. जॅनेलनं ओठ घट्ट मिटले, भांड्यावर फॉइल लावलं आणि बुडाला नाव चिकटवलं.

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला ती ब्रोटनांच्या दारात उभी राहिली. सिग्नेचा बाप वेंडेल धान्याच्या गोदामावर कामाला होता. दांडगा गडी, पण त्या दिवशी त्याचा शर्ट त्याला मोठा होत होता. त्याच्यामागे व्हरांड्यात भांड्यांची चळत जॅनेलला दिसली. फॉइलवर फॉइल, अगदी ओळखीची.

"आत या ना," वेंडेल म्हणाला.

"नको रे, तुम्हाला कशाला त्रास. एवढं द्यायला आले होते." तिनं भांडं त्याच्या हातात ठेवलं.

"कॉफी तरी घ्या."

"छे, कॉफी कशाला. आत्ताच घेऊन निघालेय."

दोन्ही नकार खोटे होते आणि ते खोटे आहेत हे दोघांनाही माहीत होतं. आमच्याकडे पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं, घरच्यानं तिसऱ्यांदा विचारायचं, मग पाहुण्यानं "बरं, अर्धाच कप" म्हणत बूट काढायचे. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो, नाहीतर परगावचा. जॅनेल वीस वर्षं शहरात राहिली होती खरी, पण त्या पायरीवर पाय ठेवताच ती पुन्हा नॉर्डलची झाली. ती तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत थांबली. वेंडेलही थांबला. त्याचे ओठ जरा हलले. मग त्यानं हातातल्या भांड्याकडे पाहिलं.

"बरं मग," तो म्हणाला.

"बरं मग," ती म्हणाली आणि गाडीकडे वळली.

सोमवारी सिग्नेचं ताट पुन्हा भरलेलंच परत आलं. जॅनेलनं खिडकीतून हात बाहेर काढून ते धरलं, पण घेतलं नाही. "काल मी आणलेलं खाल्लंस का गं?"

"हो. खूप छान होतं, थँक्यू," सिग्ने म्हणाली.

जॅनेलच्या अंगावर काटा आला. तिनं खिडकीशी वाकून हळूच विचारलं, "आता खरं सांग. मी रागावणार नाही."

सिग्नेनं मागे कुणी उभं नाही ना ते पाहिलं. "बाबा रोज एक गरम करतात. मी वरचे वेफर्स तेवढे खाते, मग बाबांना वाटतं खाल्लं." तिनं ताट सोडून दिलं. "तुमच्यात वेफर्स नव्हते."

म्हणजे सगळ्या गावाच्या हॉटडिशमधलं जेवढं पोरीच्या पोटात जात होतं, नेमकं तेवढंच जॅनेलनं काढून टाकलं होतं. वीस वर्षांचं हॉटेल, तो गुळगुळीत सॉस, ती सोडवलेली कोंबडी, सगळं मुसळ केरात. त्या दुपारी तिनं भांडी जरा जास्तच आदळली.

घरी आली तीही आदळआपट करतच. थोरानं ऐकून घेतलं.

"पस्तीस वर्षं मी मनात धरून बसलेय," जॅनेल म्हणाली. "सूप वाईट होतं, ट्यूना वाईट होता, म्हणून गिळवत नव्हतं. सगळं चांगलं घालून केलं, तरी ती खात नाही. मग काय करायचं असतं? आणि तू म्हणशील, त्यात काय एवढं. तुझं बरं होतं. तुला आवडायचं ते."

"कुणी सांगितलं?"

"मी बघत होते ना. ताट साफ करायचीस."

"तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसायचात. मी टाकलं असतं तर तुम्ही खाल्लं असतं का?" थोरानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "घशाखाली उतरायचं नाही, जॅनेल. पाण्याबरोबर गोळी घेतात तसं गिळायचे मी. आणि सूपचं काय सांगतेस. त्या हिवाळ्यात तुझ्या बापाच्या आवडीचं मटण कुणी आणून दिलं असतं, तरी ते मला पुठ्ठाच लागलं असतं."

जॅनेल ओट्याला टेकून उभी राहिली. एवढ्या वर्षांत आईच्या तोंडून त्या हिवाळ्याबद्दल एक शब्द निघाला नव्हता.

"वेंडेलनं कॉफीला बोलावलं का तुला?" थोरानं विचारलं.

"बोलावलं. दोनदा."

"मग?"

"मग काय. तिसऱ्यांदा विचारलंच नाही त्यानं."

थोरानं काठी भिंतीला टेकवली. "मीही विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "हेल्गा आली, मिसेस लुंड आली, सगळ्या आल्या. प्रत्येकीला दोनदा म्हटलं, या, बसा. दोनदा म्हणेपर्यंतच जीव जायचा माझा. तिसऱ्यांदा म्हणायला अंगात त्राणच नसायचं. त्यांना वाटायचं, थोराला एकटीला राहायचंय. मला वाटायचं, ह्यांना घाई आहे. दार लावलं की मी आत तशीच उभी राहायचे, बर्फातला बुटांचा आवाज जाईपर्यंत. तेवीस बायका आल्या गं. त्या आख्ख्या हिवाळ्यात आपल्या टेबलाशी एकही बसली नाही."

जॅनेलला आठवलं. तिघांचं टेबल आठवलं, घड्याळाची टिकटिक आठवली, आणि रोज संध्याकाळी कुणीही न बोलणं. हे सगळं तिनं पस्तीस वर्षं मश्रूमच्या सूपच्या नावावर खपवलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि ते तिनं लपवले नाहीत.

"मग तू बोलली का नाहीस कुणाला? निदान नंतर?"

"बोलायचं काय सांगतेस." थोराचा आवाज एकदम कोरडा झाला. "कॉनी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ड्वेनच्या गाडीतून मी गेले होते ना तिथे. भांडं दिलं. 'आत या,' वेंडेल म्हणाला. मी नको म्हटलं. 'कॉफी घ्या,' म्हणाला. नको म्हटलं. आणि आले निघून. मला, अगदी मला माहीत असून. ही खोड मेल्यावरच जायची माझी."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर जॅनेल दुकानात गेली. नूडल्स, खिमा, कांदे, चीज आणि वेफर्सची दोन मोठी पाकिटं घेतली आणि पिशवी घेऊन थेट ब्रोटनांच्या दारात.

वेंडेलनं दार उघडलं. तिच्या हातात भांडं नाही हे बघून तो जरा गोंधळला. "आत या ना," सवयीनं म्हणाला. "कॉफी वगैरे घ्या."

"हो, घेते," जॅनेल म्हणाली.

वेंडेल तिच्याकडे बघतच राहिला. "कॉफी केलेली नाहीये," तो म्हणाला.

"मग करू या." ती उंबऱ्यावरच बूट काढायला लागली. कानशिलं तापली होती. भर रस्त्यात नुसत्या परकरावर उभं राहावं, तसं तिला वाटत होतं. पण बूट निघाले, आणि बूट काढलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी परत पाठवत नाही.

स्वयंपाकघरात सिग्ने गृहपाठ करत होती. तिची चार वर्षांची बहीण ट्रिना टेबलाखाली बसून कशाशी तरी बोलत होती. जॅनेलनं पिशवी ओट्यावर रिकामी केली. "सिग्ने, मला हॉटडिश करायचीय आणि माझी काल-परवाची फसलीय. तू सांगशील तशी करू. काय काय घालायचं?"

सिग्नेनं आधी बापाकडे पाहिलं. तो कॉफीचे चमचे मोजत होता आणि पुन्हा पुन्हा चुकत होता. "वाटाणे नकोत," ती म्हणाली.

"नकोत."

"खिमा चालेल. कांदा बारीक. अगदी बारीक, दिसता कामा नये."

जॅनेलनं कांदा दिसेनासा होईल इतका बारीक चिरला आणि खिम्याबरोबर परतायला टाकला. नूडल्स उकळत ठेवले. ट्रिना टेबलाखालून बाहेर आली; तिला वेफर्सचं पाकीट आणि दोन मुठी एवढंच काम दिलं, आणि तिनं ते अगदी मन लावून केलं. मग जॅनेलनं सॉससाठी मैद्याची बरणी विचारली. सिग्ने उठली, खालच्या कपाटातून एक डबा काढला आणि तिच्यापुढे धरला. मश्रूमचं सूप.

"आई हे घालायची," ती म्हणाली.

जॅनेलनं डबा हातात घेतला. हॉटेलमध्ये तिच्या हाताखालच्या पोरांनी असा डबा आणला असता तर तिनं त्यांना डब्यासकट बाहेर काढलं असतं. "तुझी आई ते कसं घालायची?" तिनं विचारलं.

"आधी ह्या डब्यात दूध घालून विसळायची. मग मिरपूड. चिकार मिरपूड. बाबा शिंकेपर्यंत."

कॉफीच्या भांड्याशी वेंडेल हसला की काय कळलं नाही. त्यानं पाठ केली होती. जॅनेलनं सूप ओतलं, डबा दुधानं विसळला आणि मिरपूड सिग्नेच्या हातात दिली. सिग्नेनं ती घातली, चव बघितली, पुन्हा घातली. आता ती बोलत होती, सरळ, एकामागून एक. आई चीज दोन थरांत घालायची, एकदा मधे आणि एकदा वर. कडा करपल्या तर आई म्हणायची, करपलेलं माझं. जॅनेल ऐकत होती आणि सांगेल तसं करत होती. एवढ्या वर्षांत तिनं एवढ्या आज्ञेत स्वयंपाक केला नव्हता.

भांडं ओव्हनमध्ये गेलं. तासभर काय करायचं हा प्रश्नच होता. कॉफी कडू झाली होती. जॅनेल ओट्याशी उभ्यानंच दोन कप प्यायली. वेंडेल एकदम बोलायला लागला, गोदामाच्या छतावरच्या बर्फाबद्दल, मग गाडीच्या टायरबद्दल, आणि मग मधेच कॉनीच्या शेवटच्या आठवड्याबद्दल. तो म्हणाला, गावानं फार केलं, भांडी ठेवायला जागा नाही. "पण सगळ्यांना घाई असते," तो म्हणाला. त्यावर जॅनेलला खूप काही सांगायचं होतं. ती म्हणाली, "नसते रे कुणाला घाई. एकदा माझ्या आईकडे ये, ती सांगेल."

सहा वाजता भांडं बाहेर आलं. टेबलाला चार खुर्च्या होत्या. ट्रिना उशी ठेवलेल्या खुर्चीत चढली, वेंडेल दाराकडच्या खुर्चीत बसला, सिग्ने भिंतीकडच्या. चौथी ओव्हनजवळची. तिच्या पाठीवर एक निळं स्वेटर अडकवलेलं होतं, बाह्या खाली लोंबणारं. जॅनेलनं तीन प्लेट वाढल्या आणि मोठा चमचा हातात धरून ओव्हनशी उभी राहिली.

"जॅनेल, तुम्ही," वेंडेल म्हणाला. त्याची नजर त्या खुर्चीवर गेली.

"तुम्ही जेवा ना," ती म्हणाली. "मी वाढते."

सिग्ने खुर्चीतून उतरली. टेबलाला वळसा घालून आली, ते स्वेटर काढलं, घडी न घालता पोटाशी धरलं आणि परत जागेवर जाऊन मांडीवर घेऊन बसली.

"बसा," ती म्हणाली. "सगळ्या नुसत्या उभ्या राहतात आणि जातात."

जॅनेलच्या तोंडाशी सवयीनं 'नको' आलं होतं. ते तिनं गिळलं आणि ती बसली. वेंडेलनं चौथी प्लेट काढून तिच्यापुढे ठेवली. सिग्नेनं आधी वरचं कुरकुरीत खाल्लं. मग चमचा खाली घातला आणि स्वेटरवर सांडू नये म्हणून प्लेटवर नीट वाकून पहिला घास घेतला.